तज्ज्ञाचे नाव म्हणजे पुरावा नव्हे

(वस्तीतील अभ्यासवर्गापुढे एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या मंडळाच्या चिटणीसांनी मला विचारले, की कारखान्याच्या परवानगीचा विषय अभ्यासवर्गात कशासाठी? तो विषय इंजिनियरांचा आणि रसायनशास्त्रज्ञांचा आहे. त्यात आपल्या माणसांना काय उमगणार? मी त्यांना म्हणालो, हा विषय ज्या दिवशी तुमच्या दारात येईल, त्या दिवशी अभ्यास करावयास वेळ उरणार नाही. जाहीर सुनावणीची नोटीस कमीत कमी तीस दिवसांची असते. त्या तीस दिवसांत शेकडो पानांचा अहवाल वाचावयाचा, समजून घ्यावयाचा आणि त्यावर हरकत लिहावयाची असते. म्हणून ही तयारी आधी झाली पाहिजे.

आपल्या गावांची रचना डोळ्यांपुढे आणा. ओढा वरून येतो आणि वस्तीच्या कडेने खाली जातो. वरच्या अंगाला जे सांडेल ते खालच्या विहिरीत उतरेल, हे समजण्यास रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. पाण्याचे मोल तर तुम्हाला मी सांगावयासच नको. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह पाणी घेण्याच्या हक्कासाठी होता. इतक्या कष्टाने ज्या पाण्यावरचा हक्क मिळविला, ते पाणी पिण्याजोगे राहिले पाहिजे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. मी कारखान्यांचा शत्रू नाही. गिरणीत, रेल्वेत, कारखान्यात काम मिळाले म्हणून आपल्यातील कितीतरी कुटुंबे गावकीच्या जाचातून बाहेर पडली, हे मी विसरलेलो नाही. ‘कारखाना नकोच’ असे सांगण्यास मी आलेलो नाही. कारखाना निरुपद्रवी आहे असे म्हणणारा आणि तो घातक आहे असे म्हणणारा, असे दोघेही विज्ञानाची साक्ष काढतात. तेव्हा खरे कोणाचे मानावे आणि कशावरून मानावे, एवढाच माझा विषय आहे.

माझी एक चूक

मला वकिली सुरू करून चारपाच वर्षे झाली होती. एका तालुक्यात रासायनिक कारखान्याचा प्रस्ताव आला. जाहीर सुनावणीची नोटीस निघाली आणि जवळच्या वस्तीतील मंडळी माझ्याकडे आली. मी मोठ्या उत्साहाने अकरा हरकतींचा अर्ज तयार केला. वर्तमानपत्रांतील कात्रणे जोडली. कर्करोग होईल, जमिनी नापीक होतील, मुले व्यंग घेऊन जन्मास येतील, असे ठासून लिहिले. सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या सल्लागाराने शांतपणे एकच प्रश्न केला, “या कारखान्यातील कोणत्या पदार्थामुळे?” मला उत्तर देता आले नाही. कारखान्यात कोणते पदार्थ वापरले जाणार याची यादी अहवालात छापलेली होती, आणि तो अहवाल मी वाचलाच नव्हता.

मी खाली बसलो. त्यानंतर वस्तीतील एक आजी उठल्या. त्या म्हणाल्या, “साहेब, तुमच्या कागदात नाला कोरडा लिव्हलाय, असं हा माझा नातू वाचून सांगतो. तुम्ही आलात कवा? उन्हाळ्यात. आषाढात या. नाला भरला की पानी मागं फिरतं आन् आमच्या हिरीत शिरतं. दरसाल शिरतं.” सल्लागाराने अहवाल चाळला. पाण्याची पाहणी मार्च ते मे या तीन महिन्यांतील होती. ‘नाला कोरडा आहे’ हे वाक्य खरे होते. पण त्यावरून ‘विहिरींस धोका नाही’ असा जो निष्कर्ष काढला होता, तो टिकण्यासारखा नव्हता.

माझ्या अकरा हरकतींपैकी एकीचीही दखल पुढे समितीने घेतली नाही. आजींचे म्हणणे मात्र इतिवृत्तात आले. समितीने पावसाळ्यातील पाहणी मागविली. कारखाना पुढे झाला. पण सांडपाण्याच्या टाक्या नाल्यापासून दूर, उंचवट्यावर बांधण्याची अट त्याला घालण्यात आली. कायद्याची पदवी माझ्यापाशी होती. शास्त्रीय युक्तिवाद त्या दिवशी आजींनी केला होता. एक गोष्ट स्वतः पाहिलेली, कोणत्या महिन्यात घडते ते सांगितलेली, आणि वाटेल त्याने येऊन पडताळून पाहावी अशी. विज्ञान याहून निराळे काय मागते?

हैदराबादचा खटला

हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यात अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्राध्यापक एम. व्ही. नायुडू या नावाने तो ओळखला जातो. तो तुम्ही नीट समजून घ्यावा अशी माझी विनंती आहे.

१९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले. पुरास आळा बसावा आणि शहराला पाणी मिळावे म्हणून पुढे दोन मोठे तलाव बांधण्यात आले. उस्मानसागर १९२० साली पुरा झाला आणि हिमायतसागर १९२७ साली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांच्या पिण्याच्या पाण्याचे हे तलाव मोठे साधन होते. १९९६ साली राज्य शासनाने या तलावांभोवती दहा किलोमीटरच्या आत प्रदूषण करणाऱ्या उद्योगांस मनाई केली.

याच पट्ट्यात एका कंपनीने १९९३ साली जमीन घेतली होती. तिला एरंडेल तेलापासून निरनिराळे पदार्थ तयार करावयाचे होते. एरंडेल म्हणजे आजीबाईच्या बटव्यातले औषध. त्याच्या कारखान्याने कोणाचे काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. पण त्या तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करण्यासाठी निकेल या धातूचा उत्प्रेरक वापरावा लागतो. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. काम झाल्यावर हा निकेल टाकाऊ म्हणून शिल्लक राहतो. केंद्र शासनाच्या यादीत हा उद्योग सर्वांत अधिक प्रदूषण करणाऱ्या, म्हणजे ‘लाल’ वर्गात मोडत होता. औषधाच्या नावाने आपण निश्चिंत झालो असतो तर निकेल आपल्या नजरेस आला नसता.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमती नाकारली. १९९७ साली राज्य शासनाने या एकट्या कंपनीस दहा किलोमीटरच्या बंधनातून सूट दिली. मंडळाने पुन्हा नकार दिला. तेव्हा कंपनी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली अपिलात गेली. अपील ऐकणारे अधिकारी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे मोठ्या शास्त्रज्ञांची प्रतिज्ञापत्रे आली. त्यांतील एक जण दुसऱ्या राज्याच्या प्रदूषण मंडळातील शास्त्रीय अधिकारी होते. दुसरे गृहस्थ देशातील शास्त्रीय संशोधनाच्या सर्वोच्च संस्थेचे प्रमुखपद सांभाळलेले होते आणि कंपनीच्या संचालक मंडळाशीही संबंधित होते. कारखान्याची यंत्रसामग्री अद्ययावत आहे आणि सर्व खबरदारी घेतली आहे, असे त्यांचे सांगणे होते. १९९८ च्या आरंभी कंपनीचे अपील मंजूर झाले. त्याच वर्षी उच्च न्यायालयानेही कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

येथे क्षणभर थांबून विचार करा. त्या शास्त्रज्ञांची विद्वत्ता खोटी होती काय? मुळीच नाही. पण यंत्र उत्तम आहे, या उत्तराने जमिनीखालून पाणी कोणत्या दिशेने जाते या प्रश्नाचे उत्तर मिळते काय? यंत्र कारखान्याचे असते, पाणी भूमीचे असते. एका विषयातील अधिकार दुसऱ्या विषयात चालत नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जानेवारी १९९९ च्या निकालपत्रात न्यायालयाने मोठ्या प्रांजळपणे मान्य केले, की असे गुंतागुंतीचे शास्त्रीय प्रश्न तपासण्याची साधने न्यायाधीशांपाशी पुरेशी नसतात. ज्या ठिकाणी अपिले ऐकली जातात तेथे न्यायाधीशांच्या जोडीस शास्त्रज्ञही बसले पाहिजेत. मग न्यायालयाने हा प्रश्न त्या वेळच्या राष्ट्रीय पर्यावरण अपील प्राधिकरणाकडे तपासासाठी पाठविला. त्याचा अहवाल कंपनीच्या विरुद्ध गेला. नंतर न्यायालयाने आणखी दोन संस्थांकडून अभ्यास करून घेतला. एक हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, जिने भूमीच्या आतील रचना पाहावयाची. आणि दुसरा आपल्या मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रशास्त्र विभाग, ज्याने कारखान्यातील रसायने पाहावयाची. ज्याचा जो विषय त्याला तोच प्रश्न विचारण्यात आला, हे ध्यानात ठेवा.

१ डिसेंबर २००० रोजी अंतिम निकाल लागला. कारखान्यास परवानगी मिळाली नाही. राज्य शासनाने दिलेली सूट बेकायदेशीर ठरली. पिण्याचे स्वच्छ पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. खबरदारीचे उपाय योजले आहेत, हे उत्तर पिण्याच्या पाण्याच्या तलावाजवळ पुरेसे मानले गेले नाही. कारण अपघात होणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. आपण आधीच बांधकाम केले आहे, पैसा खर्च झाला आहे, ही कंपनीची सबबही चालली नाही.

या खटल्याचे फळ पुढे देशाला मिळाले. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव हेच नंतर विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाने २००३ साली आपल्या १८६ व्या अहवालात पर्यावरणासाठी स्वतंत्र न्यायालये असावीत अशी शिफारस केली, आणि २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. तेथे न्यायाधीशांबरोबर तज्ज्ञ सदस्य बसतात. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ आपल्या पुण्यात आहे.

परंतु जिंकलेला खटला म्हणजे कायमची राखण नव्हे. २०२२ च्या एप्रिलमध्ये तेलंगण शासनाने नवा आदेश काढून १९९६ ची बंधने उठविली. शहर आता पाण्यासाठी या तलावांवर पूर्वीसारखे अवलंबून नाही, असे कारण देण्यात आले. बाहेरून पाणी आणता येते तेव्हा घरचे तळे राखण्याची गरज वाटेनाशी होते, हे यावरून दिसते.

अहवालाला विचारावयाचे पाच प्रश्न

आता तुमच्या कामाच्या गोष्टीकडे वळतो. मोठ्या प्रकल्पासाठी जो पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल तयार होतो तो वाचताना पाच प्रश्न हाताशी ठेवा.

पहिला प्रश्न : हे कोण सांगतो, आणि त्याचा या विषयाशी व प्रकल्पाशी संबंध काय? हा अहवाल कंपनीने नेमलेला सल्लागार तयार करतो आणि त्याचा मोबदला कंपनीच देते. एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. वकीलही अशिलाचे पैसे घेतो. म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य खोटे नसते. पण न्यायाधीश वकिलाच्या शब्दावर निकाल देत नाही, तो पुरावा मागतो. अहवालाला आपण तोच न्याय लावावा.

दुसरा प्रश्न : कोठे मोजले आणि केव्हा मोजले? अशा अहवालासाठी बहुधा पावसाळा सोडून एका ऋतूतील तीन महिन्यांची मोजणी घेतली जाते. पाण्याचे नमुने ज्या विहिरींतून घेतले त्या नकाशावर पाहा. त्या प्रकल्पाच्या वरच्या अंगाला आहेत की खालच्या? वस्तीची विहीर त्यात आहे काय? नसेल तर अहवाल तुमच्या पाण्याविषयी काहीच सांगत नाही, मग त्याची पाने किती का असेनात.

तिसरा प्रश्न : ‘मर्यादेच्या आत आहे’ असे म्हणतात, ती मर्यादा कोणती? पुन्हा निकेलचेच उदाहरण घ्या. कारखान्याने नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात निकेलची सर्वसाधारण कमाल मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ती ०.०२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दीडशे पटींचा फरक झाला. सांडपाणी मोठ्या प्रवाहात मिसळून पातळ होईल हे पहिल्या मर्यादेत गृहीत धरलेले असते. तुमचा नाला चैत्रात आटतो, तर ते पातळ कशात होणार? ‘सर्व काही मर्यादेत’ हे वाक्य ऐकताच ‘सोडण्याच्या की पिण्याच्या?’ असे विचारा.

चौथा प्रश्न : ही सरासरी आहे की कमाल? महिन्याची सरासरी चांगली असते आणि त्यातील एका रात्री मासे मरतात. वीज गेली तर शुद्धीकरणाचे यंत्र कशावर चालेल? मोठा पाऊस आला तर टाकी किती तास पुरेल? टाकाऊ पदार्थ कोठे साठविणार, किती दिवस, आणि उचलून कोठे नेणार? अहवालात या प्रश्नांना आकड्यांत उत्तर असावे लागते. ‘योग्य ती व्यवस्था करण्यात येईल’ हे उत्तर होत नाही.

पाचवा प्रश्न : आधीचे ओझे किती आहे? नव्या कारखान्याचा धूर थोडा असेल. पण शेजारी तीन कारखाने आधीच उभे असतील तर श्वास चौघांचा एकत्रच घ्यावा लागतो. चौथ्याची मोजणी एकट्याने केली तर ती अपुरी आहे.

आपल्या हरकतीही याच तराजूत

हे प्रश्न परपक्षाला विचारणे सोपे आहे. मी तुम्हाला अधिक अवघड गोष्ट सांगतो. हेच प्रश्न आपल्या स्वतःच्या हरकतींना विचारा. जी हरकत टिकणार नाही ती आपल्या हातानेच खोडा. एक खोटी हरकत सापडली की तिच्याबरोबर दहा खऱ्या हरकती बदनाम होतात. माझ्या अर्जाचे तेच झाले.

प्रत्येक हरकतीत तीन दुवे असावेत. कोणता पदार्थ? तो कोणत्या वाटेने येईल : पाण्यावाटे, हवेवाटे, की मातीवाटे? आणि तो कोणापर्यंत पोहोचेल? आजींच्या बोलण्यात वाट होती आणि पोहोच होती. पदार्थ अहवालात लिहिलेलाच होता. तिन्ही दुवे जुळले म्हणून ती हरकत तोलाची ठरली. एकही दुवा तुटका असेल तर त्याविषयी प्रश्न विचारा, आरोप करू नका. ‘या टाकीतून गळती झाली तर पाणी कोणत्या दिशेने जाईल, याची पाहणी झाली आहे काय?’ हा प्रश्न विचारण्यास पुरावा लागत नाही, आणि त्याचे उत्तर देणे परपक्षाला भाग पडते.

आजारांविषयी बोलताना तर फारच जपा. शेजारच्या गावात कारखाना आहे आणि तेथे चौघांना कर्करोग झाला, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या गावात माणसे किती, त्यांची वये काय, कारखाना येण्यापूर्वी असे रोगी किती होते, आणि जेथे कारखाना नाही अशा तेवढ्याच गावात किती आहेत, हे पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. हे न पाहता बोलणे म्हणजे ज्या दुःखाची दाद आपणास मागावयाची आहे त्याचीच थट्टा करून घेणे होय.

पुरावा पुरा नसेल तेव्हा

मग तुम्ही विचाराल, की आम्हा गरिबांनी इतका पुरावा गोळा करावयाचा कोठून? पुरावा होईपर्यंत माणसे मरावयाची काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि जगाने त्याची फार मोठी किंमत दिलेली आहे. जपानमधील मिनामाता या गावी एका रासायनिक कारखान्याचे पाऱ्याचे सांडपाणी समुद्राच्या उपसागरात जात असे. मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या कुटुंबांत अंग थरथरणे, दृष्टी जाणे, वाचा बंद पडणे असे विकार दिसू लागले. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी कंपनीने शुद्धीकरणाचे यंत्र थाटामाटाने बसविले. पण सेंद्रिय पारा काढून टाकण्यासाठी ते बनविलेलेच नव्हते. शासनाने कारखान्यातील पाऱ्याचे संयुग हेच कारण असल्याचे मान्य केले तेव्हा १९६८ साल उजाडले होते. मधल्या बारा वर्षांत ‘पुरावा पुरेसा नाही’ हेच उत्तर मिळत राहिले.

या अनुभवांतून सावधगिरीचे तत्त्व जन्मास आले. जेथे हानी गंभीर आणि न भरून येणारी आहे, तेथे शास्त्रीय खात्री पुरी झाली नाही म्हणून प्रतिबंधक उपाय लांबणीवर टाकता येत नाही. १९९६ साली वेल्लोरच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व भारताच्या कायद्याचा भाग मानले, आणि आपला उद्योग निरुपद्रवी आहे हे शाबीत करण्याचा भार उद्योजकावर टाकला. हैदराबादच्या खटल्यात त्याचाच आधार घेतला गेला. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या २० व्या कलमात ते आज लिहिलेले आहे.

पण या तत्त्वाचा अर्थ चुकीचा घेऊ नका. केवळ भीती वाटते म्हणून कारखाना बंद, असे ते म्हणत नाही. भीतीला आधी आधार दाखवावा लागतो : हा पदार्थ, ही वाट, ही वस्ती. एवढा आधार तुम्ही दाखविला, की उरलेला भार त्यांच्या शिरावर जातो. ‘शंभर टक्के सिद्ध करा’ असे तुम्हाला म्हणण्याचा त्यांना अधिकार नाही.

हक्काची वाट

आता कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. काही प्रकल्पांना, उदाहरणार्थ मंजूर औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना, जाहीर सुनावणीतून सूट आहे. म्हणून आपला प्रकल्प कोणत्या वर्गात येतो हे प्रथम विचारा. सुनावणी असेल तर अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका येथे पाहावयास मिळाला पाहिजे. त्याचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, असला पाहिजे. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी चालवितात. सुनावणीचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखविणे बंधनकारक आहे. ते ऐकल्याशिवाय घरी जाऊ नका. आपली हरकत त्यात आली नसेल तर तेथेच उठून सांगा. लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या.

या हरकतींचा विचार करून समितीने कारणे दिली पाहिजेत. गोव्यातील खाणकामाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली हे स्पष्ट केले आहे. मंजुरी मिळालीच तर हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत मुभा मिळते, त्यानंतर दरवाजा बंद होतो. वकिलाची फी हा अडसर मानू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेली बौद्ध कुटुंबेही अनुसूचित जातींत गणली जातात. कारखाना सुरू झाल्यावर त्याच्या संमतीपत्रातील अटी आणि तपासणीचे आकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात.

शेवटी तुम्हाला एक काम देऊन जातो. उद्या या मंडळात एक वही घाला. वाचता-लिहिता येणारा एक तरुण किंवा तरुणी आणि गावचे पाणी ओळखणारे एक वृद्ध माणूस, अशी जोडी नेमा. वस्तीच्या प्रत्येक विहिरीची आणि हातपंपाची नोंद दर महिन्यास करा : पाणी किती हातांवर आहे, रंग कसा, वास कसा, नाला कोणत्या तारखेस भरला, कोठवर चढला. प्रत्येक नोंदीखाली दोघांची सही आणि तारीख घाला. आज तुमच्याकडे कोणताही कारखाना येत नसेल. तरीही ही वही चालू ठेवा. उद्या एखादा अहवाल ‘नाला कोरडा आहे’ असे लिहून आला, तर तुमच्यापाशी आषाढातल्या तारखा असतील. मला त्या सुनावणीत अशा एका वहीची फार गरज होती, आणि ती माझ्यापाशी नव्हती.